अर्ध्या इमारतीचा मालक

काउंटरपलीकडच्या बाईंनी चेक परत सरकवला. मिस्त्रींनी तो पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"दुसरी सही?" बाईंनी विचारलं.

"येतायत. पाच मिनिटांत पोचतील."

"मागच्या मंगळवारीही पोचत होते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कुचकटपणा नव्हता, नुसता कंटाळा होता, आणि तोच जास्त झोंबला. "तुम्ही बाजूला बसता का? मागे लाइन आहे."

मिस्त्री बाजूला बसले. मोबाइल काढून त्यांनी साडूला सहाव्यांदा फोन लावला. रिंग वाजत राहिली. अर्ध्या तासाने मेसेज आला, 'विद्यार्थ्याची टेस्ट आहे. अडकलोय. बघू उद्या.' कामावरून काढलेली अर्ध्या दिवसाची रजा अशी तिसऱ्यांदा पाण्यात गेली.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. सव्वीस वर्षं ते शहरातल्या जुन्या लिफ्टांच्या शाफ्टमध्ये चढत-उतरत होते. आवळलेला नट पुन्हा एकदा आवळून बघायचा, हा त्यांचा स्वभाव. घरातला गॅससुद्धा बायकोने बंद केल्यावर ते जाऊन बघत, आणि त्यावरून तिची बोलणी खात. त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. मास्तर म्हणजे दिलदार माणूस. कुणाच्या घरी आजारपण असो, सामान हलवायचं असो, मास्तरांची गाडी दारात हजर. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मिस्त्रींना पूर्वी त्याचं फार कौतुक होतं.

इमारत घ्यायचं ठरलं ते मास्तरांच्या घरी, एका रविवारी जेवणं झाल्यावर. तीन मजली जुनी इमारत. खाली दोन दुकानं, वर चार बिऱ्हाडं. मालक म्हातारा होता आणि मुलीकडे राहायला जायच्या घाईत होता, त्यामुळे भाव बरा होता. एकट्याने घ्यायची दोघांचीही ऐपत नव्हती. "तुम्ही अर्धे, मी अर्धा, झाली की पुरी!" असं म्हणून मास्तरांनी टाळीसाठी हात पुढे केला आणि मिस्त्रींनी टाळी दिली. दोघी बहिणी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हसत होत्या.

कागद करायला गेले तेव्हा वकीलबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "पुढे तुमचं दोघांचं पटलं नाही तर काय करायचं, ते लिहायचं ना?"

"अहो, आमच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत," मास्तर म्हणाले. "न पटून जाणार कुठे?"

मिस्त्रीही हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. "तुमची मर्जी," म्हणून त्यांनी पान उलटलं.

त्याऐवजी कागदात भलतंच कलम पडलं, आणि तेही मिस्त्रींच्याच आग्रहाने. दोघांच्या सह्यांशिवाय सामाईक खात्यातून पैसा निघणार नाही आणि दोघांच्या लेखी संमतीशिवाय इमारतीच्या एका विटेला हात लागणार नाही. लिफ्टला एकाच्या जागी चार दोर असतात, एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. दोन सह्या म्हणजे दुप्पट भरवसा, असा मिस्त्रींचा हिशेब होता. एक सही मिळालीच नाही तर दुसरीला कागदाच्या कपट्याचीही किंमत नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पहिली तीन वर्षं बरी गेली. भाडं वेळेवर येत होतं. मिस्त्रींचे गुडघे शाफ्टच्या शिड्यांनी कुरकुरायला लागले होते. अजून चार-पाच वर्षं काढायची, मग भाड्यावर आरामात बसायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. चौथ्या वर्षी गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीला तडा गेला.

टाकीच्या बरोबर खाली एक बाई राहायच्या. घरी केक करून विकायच्या. लग्नाचे, वाढदिवसांचे, तीन-तीन थरांचे केक. सगळे त्यांना केकवाल्या बाईच म्हणत. त्यांच्या छताला आधी ओल आली, मग पोपडे आले, मग थेंब पडायला लागले. मिस्त्री बघायला गेले तेव्हा ओव्हनवर बादली होती आणि बाई छत्री उघडी धरून केकवर क्रीम चढवत होत्या.

"हसू नका," त्या म्हणाल्या.

"नाही हसत."

"भाडं देते मी. वेळेवर देते. छत्रीखाली केक करायचं कुठे ठरलं होतं आपलं?"

मिस्त्रींनी गवंडी आणला, अंदाज काढला, चेक लिहिला. हवी होती ती फक्त मास्तरांची सही. आणि तिथेच घोडं अडलं.

मास्तर फोनवर म्हणायचे, "हो हो, करूनच टाकू." भेटले की म्हणायचे, "आत्ता घाईत आहे, बघू या संध्याकाळी." संध्याकाळी त्यांच्या घरी जावं तर ते नुकतेच बाहेर पडलेले. एकदा तर मिस्त्री जिना चढत होते आणि मास्तर मागच्या जिन्याने उतरत होते, हे मिस्त्रींना खिडकीतून दिसलं. साठीला आलेला माणूस हातात चपला घेऊन उतरत होता! मिस्त्रींना हसावं की रडावं कळेना. स्पष्ट 'नाही' म्हणाले असते तर भांडता आलं असतं. या माणसाचं सगळंच 'हो', आणि हातात काही पडत नाही. ताकास तूर लागू देत नव्हते. दोन महिने प्रकरण भिजत पडलं होतं, आणि छत खरोखरच भिजत होतं.

"तू ताईला फोन करतेस का?" मिस्त्रींनी बायकोला विचारलं.

"मी?" ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "भागीदारी करताना मला विचारलं होतंत? टाळ्या दिल्यात आणि मग मला सांगितलंत. आता निस्तरताना बरी आठवण झाली माझी."

शेवटी मिस्त्रींनी युक्ती केली. ड्रायव्हिंग स्कूलला फोन करून भलत्याच नावाने एक तास लावला. बुधवारी सकाळी अकरा, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर. बरोबर अकराला टपावर पाटी लावलेली गाडी येऊन थांबली. मिस्त्री दार उघडून स्टिअरिंगसमोर बसले.

"नमस्कार, आधी सीट पुढे घ्या, मग आरसा—" शेजारी बसलेल्या मास्तरांनी वहीतून डोकं वर काढलं आणि त्यांचं वाक्य तिथेच तुटलं.

"तुम्हाला गाडी येते," ते म्हणाले.

"येते. तुम्हाला सही येते का ते बघायला आलोय."

"इथे थांबता येत नाही, चला, पुढे घ्या," मास्तर म्हणाले. मिस्त्रींनी गाडी सुरू केली. दुसऱ्या सिग्नलला गाडी थांबली. मिस्त्रींनी खिशातून चेक काढून डॅशबोर्डवर ठेवला. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं आणि एक लांब श्वास सोडला.

"टाकी दुरुस्त करून काय करायचंय, साडूभाऊ? पाडायचीच आहे ती इमारत."

मिस्त्रींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय करायचंय?"

"पाडायची. बिल्डर तयार आहे. सात मजले चढवतोय. दोन मजले आपल्याला, एक तुम्हाला, एक मला. विकलात तर आयुष्यभर शाफ्टमध्ये उतरायला नको. असल्या इमारतीत टाकी कशाला बांधायची? पैसे पाण्यात."

"पाण्यात ती केकवाली बाई आहे!" मिस्त्री ओरडले. "आणि हे कुणी ठरवलं?"

"ठरवलं असं नाही. बोलणं चाललंय."

"माझ्याशी कधी बोललात?"

"बोललो होतो. पहिल्याच वर्षी. आपण गच्चीवर उभे होतो. मी म्हटलं, वर केवढी जागा फुकट चाललीय. तुम्ही म्हणालात, हो ना."

"मला वाटलं, कपड्यांच्या दोऱ्यांबद्दल बोलताय!"

गाडी गचकन थांबली. मास्तरांनी सवयीने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला होता. पुढून एक बाई दोन पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होती. मिस्त्रींना ती दिसलीच नव्हती.

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. आता कुठे त्यांना कळत होतं. त्यांनी घेतली होती ती चार बिऱ्हाडांची, दर महिन्याला भाडं देणारी इमारत. मास्तरांनी घेतला होता तो एक मोकळा प्लॉट, ज्यावर तात्पुरती काही माणसं राहत होती. चार वर्षं दोघं एकमेकांना 'हो हो' करत होते आणि दोघांनीही एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा रे, तू नक्की घेतलंयस काय?

"मला इमारत पाडायची नाही," मिस्त्री म्हणाले. "मला भाडं हवंय. मला बिल्डर नको, सात मजले नकोत. पाच वर्षं बांधकाम रखडलं तर खाऊ काय मी?"

"बघू या ना," मास्तर म्हणाले. "घाई कुठे आहे?"

मिस्त्री गाडीतून उतरले आणि चालत घरी गेले.

पुढच्या आठवड्यात छताचा तुकडा पडला. सकाळी दहाची वेळ. केकवाल्या बाई दारावर आलेल्या माणसाकडून पिठाचं पोतं घ्यायला गेल्या होत्या. तेवढ्यात मागे धडाम् आवाज झाला. चांगला परातीएवढा गिलावा टेबलावर कोसळला होता. तीन थरांच्या केकचा चिखल झाला, ओव्हनची काच फुटली. पाच मिनिटं आधी पडता तर बाईंची मान त्याच्याखाली होती.

त्यांनी दोन्ही मालकांना फोन केला. मास्तर म्हणाले, "अरेरे! बघतो." मिस्त्री हातातलं काम टाकून पळत आले. बाई रडत नव्हत्या. खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, केसांत सिमेंटची पूड.

"दोन मालक आहेत म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एक नाही तर दुसरा बघेल. तुम्ही दोघांनी मिळून मला मारलं असतंत."

मिस्त्रींनी चार दिवसांची रजा टाकली. गवंड्याला बोलावलं, स्वतः बाह्या सरसावल्या, तडकलेली टाकी रिकामी करून फोडली, तुळईच्या नेमक्या वर प्लॅस्टिकच्या दोन टाक्या बसवल्या, पाइप फिरवले, बाईंचं छत नवं करून दिलं, ओव्हन भरून दिला. सगळं स्वतःच्या खिशातून. चौथ्या दिवशी उतरताना गुडघा असा धरला, की जिन्यात बसून राहावं लागलं. पण मनाला बरं वाटत होतं. निदान एक गोष्ट तरी झाली.

पंधरा दिवसांनी रजिस्टर्ड पत्र आलं. मास्तरांच्या वकिलाचं. 'आमच्या अशिलांच्या लेखी संमतीवाचून आपण सामाईक मिळकतीच्या बांधकामात फेरफार केला असून भागीदारीच्या कराराचा भंग केला आहे.' खाली कलमाचा आकडा होता. तेच विटेचं कलम. मिस्त्रींनी स्वतः आग्रह करून घातलेलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मिस्त्रींना त्या दिवशी कळलं. त्यांनी पत्र बायकोपुढे ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग उठून बहिणीला फोन लावला आणि म्हणाली, "ताई, तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला नोटीस पाठवलीय. पुन्हा मला फोन करू नकोस." ताई पलीकडून काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला. सात महिने दोघी बोलल्या नाहीत. पंचेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मिस्त्री पुन्हा वकीलबाईंकडे गेले. त्यांनी जुनी फाइल काढली, ते कोरं राहिलेलं कलम बघितलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याबद्दल मिस्त्री त्यांचे आजन्म ऋणी राहिले.

"वाटणीचा दावा लावता येईल," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं धरा. दहाही. तोवर डागडुजीला दोघांच्या सह्या लागतीलच."

"आणि माझा अर्धा भाग विकला तर?"

"विचारून बघा दलालाला."

दलालाने विचारलं, "अर्धी? वरची का खालची?"

"वरची-खालची नाही. सगळ्याचीच अर्धी."

दलाल इतका हसला, की त्याला पाणी प्यावं लागलं. "साहेब, भांडणाचा अर्धा हिस्सा कोण विकत घेतो? तो घेणारी दोनच माणसं. एक तुमचा भागीदार, आणि दुसरा ज्याला अख्खी हवीय तो."

भागीदाराकडे पैसे नव्हते. उरला बिल्डर. मिस्त्रींनी ठरवलं, त्याला विकण्यापेक्षा दहा वर्षं कोर्टात घासू, पण मास्तरांच्या मनासारखं होऊ द्यायचं नाही. हे ठरवल्यावर त्यांना महिनाभर चांगली झोप लागली.

मग एका दुपारी ताई एकट्या आल्या. मिस्त्रींची बायको बाजारात गेली होती, आणि ताईंनी ती वेळ बघूनच गाठली असावी. त्या आत आल्या नाहीत. दारातच उभ्या राहून त्यांनी पर्समधून एक घडी केलेला कागद काढला.

"गाडीच्या विम्याचे कागद शोधत होते, त्यात सापडला," त्या म्हणाल्या. "वाचा, भावजी."

बिल्डरबरोबरचा करार होता. मास्तरांनी दीड वर्षापूर्वीच त्याच्याकडून इसार घेतला होता. दुसऱ्या भागीदाराची संमती दोन वर्षांत आणून देईन, न आणल्यास घेतलेली रक्कम दुप्पट परत करीन, असं खाली लिहून दिलं होतं. सही ठसठशीत. ही सही करायला बरा वेळ मिळाला होता.

"पैसे?"

"गेले. हप्त्यांत. दोन गाड्या वर्षभर नुसत्या उभ्या आहेत, शिकायला कोणी येत नाही. मला म्हणायचे, मस्त चाललंय." ताईंचा आवाज कोरडा होता. "बिल्डरला नाही म्हणता आलं नाही, तुम्हाला सांगता आलं नाही. ती नोटीसही बिल्डरच्याच वकिलाने लिहिली. ह्यांनी नुसती सही केली. मी तुमच्याकडे काही मागायला आले नाही. मला कळलं ते तुम्हाला कळावं, एवढंच."

"ताई, आत तरी या."

"नको. ती आली तर तिला वाईट वाटेल," असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

मिस्त्री कागद हातात धरून बसले. त्यांना मास्तरांचा राग हवा होता. तो चार महिने त्यांनी जपून ठेवला होता, आणि आता तो नीट धरताही येईना. मास्तर लबाड असते तर बरं झालं असतं. हा माणूस नुसता सगळ्यांना हवं ते बोलत, एकेक पाऊल मागे सरत खड्ड्यात गेला होता, आणि जाताना मिस्त्रींच्या पायाला दोरी बांधलेली होती. दोन वर्षं संपली की बिल्डर दुप्पट रक्कम मागणार, मास्तर देऊ शकणार नाहीत, त्यांच्या अर्ध्या भागावर जप्ती येणार, आणि उद्या कुणीतरी अनोळखी मिस्त्रींचा भागीदार म्हणून दारात उभा राहणार. कोर्टात घासायचं ते मग त्याच्याशी.

त्यांनी विकलं. वकीलबाईंना घेऊन बिल्डरकडे गेले. भाडेकरूंना सहा महिन्यांची मुदत आणि नव्या जागेची अनामत, हे कागदावर आल्याशिवाय पेनाला हात लावला नाही. भावावर बिल्डरने पिळलंच. त्यालाही माहीत होतं, दुसरं गिऱ्हाईक नाही. जे घातलं होतं जवळजवळ तेवढंच परत आलं. टाकी, छत, ओव्हन आणि पाच वर्षं वरखर्चात गेली. शेवटचं बिऱ्हाड हललं, तशा नव्या टाक्या बिल्डरच्या माणसांनी उतरवून नेल्या.

नोंदणी कार्यालयात दुसऱ्या सहीसाठी मास्तर त्यांच्या आधी येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. वजन घटलेलं. सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो झाले. बाहेर पायऱ्यांवर मास्तर थांबले.

"रागावलात का माझ्यावर?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "फार."

मास्तरांनी मान हलवली. सारवासारव केली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. "बरोबर आहे," म्हणाले, आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागले. गाडी विकलेली होती.

मिस्त्री दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामावर. निवृत्तीचं साल त्यांनी मनातल्या मनात सात वर्षं पुढे सरकवलं. केकवाल्या बाईंना दोन गल्ल्या सोडून जागा मिळाली. ती बघायला गेले तेव्हा बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मालक किती आहेत ते विचारलंत का?" एकच होता. मिस्त्रींनी आधीच विचारलं होतं.

महिन्याभराने, एका संध्याकाळी ताईंचा फोन आला. मिस्त्रींची बायको रिंगकडे बघत उभी राहिली. चौथ्या रिंगला तिने उचलला आणि आतल्या खोलीत गेली. आधी काही ऐकू आलं नाही. मग आवाज चढला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तिला कुणाकडे ठेवायचं यावरून सुरुवात झाली. तिथून नोटिशीवर गेलं, नोटिशीवरून तू आधी फोन का नाही केलास यावर, तिथून कधीकाळच्या कुठल्यातरी हिरव्या स्वेटरवर. पाऊण तास दोघी कडाकडा भांडल्या. मिस्त्रींनी टीव्हीचा आवाज बंद करून टाकला. सात महिन्यांत घरात एवढं मोकळं बोलणं झालं नव्हतं.

ती बाहेर आली. नाक लाल, डोळे लाल.

"आई आपल्याकडे राहील," ती म्हणाली. "रविवारी ताई आणि ते, दोघं येणार आहेत तिला बघायला. तुम्ही घरी असाल ना?"

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "असेन. पण मी फार बोलणार नाही."

"कुणी सांगितलंय बोला म्हणून?" ती म्हणाली, आणि आईसाठी पलंगाची चादर काढायला कपाटाकडे वळली.